मगरिबपूर्वी हरिसाल

मांडूबद्दलचा लेख वाचून काही वाचकांनी विचारलं, अमरावतीहून सायकलने निघालात, ते मेळघाटातून एकटे कसे गेलात? दिवाळीच्या सुटीतल्या त्या सफरीचा दुसरा दिवस, परतवाडा ते धारणी, त्याबद्दल आज लिहितो. (धारणीला त्या दिवशी पोहोचलोच नाही, ते पुढे येईलच.)

निघण्यापूर्वी मामूजानांनी घरी येऊन बुखारी शरीफमधली एक हदीस दाखवली होती. रात्री एकट्याने प्रवास करण्याबाबत तिच्यात ताकीद आहे. त्यांचं म्हणणं, जाऊच नको. अम्मी शेजारी मेथी निवडत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "रात का बोला है ना? फिर मगरिब के पहले छत के नीचे. और फोन." मामूजानांनी थोडा वेळ विचार केला आणि चहा मागितला. माझी सफर ठरली ती अशी. अट साधी होती, पण जंगलात ती पाळायची म्हणजे दिवसभर घड्याळाकडे एक डोळा ठेवावा लागतो.

नोव्हेंबरच्या मध्यात तिकडे सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो. परतवाड्याहून फजरनंतर निघालो. बिहालीच्या पुढे घाट सुरू होतो आणि घटांगपर्यंत चढ काही संपत नाही. मागे कपडे, चादर, हत्यारं, पाणी मिळून चौदा किलो ओझं. तासाला सहा-सात किलोमीटर झाले तरी खूप. काही वळणं उतरून, सायकल ढकलत चढलो. गाडीतून हाच रस्ता मी अनेकदा पाहिला होता, पण ऐकला कधीच नव्हता. सागाचं वाळलेलं पान गळताना एवढा आवाज होतो की माणूस मागे वळून पाहतो. एका वळणावर वानरं एकाएकी खॉक-खॉक ओरडू लागली. बिबट्या किंवा वाघ दिसला की ती अशी ओरडतात. मी थांबलो, घंटी वाजवली, मोठ्याने खाकरलो. काहीच दिसलं नाही. दिसलं नाही हेच बरं.

मेळघाटला 1974 साली व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, त्यामुळे बाहेरचा माणूस वाघाचंच विचारतो. इथली माणसं अस्वलाला जास्त भितात. वाघ शक्यतो माणसाला टाळतो. अस्वल मात्र अचानक समोरासमोर आलं की अंगावर येतं, आणि संध्याकाळनंतर त्याची हालचाल वाढते. घटांगला चहा पिताना वनखात्याचा एक कर्मचारी म्हणाला, "सर, अंधार पडायच्या आत कुठंतरी गाव धरा." अम्मीचंच वाक्य, फक्त खाकी कपड्यांत.

पहिलं पंक्चर घटांगच्या अलीकडेच झालं होतं. जवळची ट्यूब टाकली, वीस मिनिटांत काम झालं. पुढे सेमाडोहपर्यंत छान उतार मिळाला. खाली सिपना नदी. तिच्या पाण्याने वुजू केला आणि मुसाफिराची दोन रकात जोहर पढली. सुमारे 78 किलोमीटरच्या सफरीच्या इराद्याने गावाबाहेर पडलं की हनफी मतानुसार चार रकात फर्जच्या दोन होतात, हे मी मुलांना अनेक वर्षं सांगत आलो. ही सवलत काय असते, ते त्या दिवशी मांड्यांना कळलं. सेमाडोहची रबडी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये असं म्हणतात. मी दोन द्रोण खाल्ले.

दुसरं पंक्चर सेमाडोहच्या पुढे, भर जंगलात. आता पॅच लावणं आलं. छिद्र शोधायला ट्यूब पाण्यात बुडवतात, पण पाणी एकच बाटली उरलेलं. हवा भरून ट्यूब गालाजवळ फिरवत राहिलो. गालाला बारीक गार फुंकर लागली की छिद्र तिथेच. सोल्युशन वाळेपर्यंत थांबायलाच हवं, घाई केली तर पॅच सुटतो. मोबाइलला रेंज नव्हती. माझं काय, मला माहीत होतं मी ठीक आहे. अम्मीला ते माहीत नव्हतं. एवढा वेळ तिथे बसून मी त्याचाच विचार केला.

हरिसालला पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. धारणी अजून पंचवीसेक किलोमीटर. पाय चालत होते, रस्ताही मोकळा होता. चहावाला म्हणाला, "दमानं गेलात तरी सात वाजता पोहोचाल." मी सायकल भिंतीला टेकवली. हे 2016 मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलेलं हरिसाल. फोन लगेच लागला. अम्मीने सलामचा जवाब दिला आणि विचारलं, "छत?" म्हटलं, आहे.

छत तेव्हा नव्हतं, ते अर्ध्या तासाने मिळालं. चहावाल्याने तिथल्या एका शिक्षकाला बोलावलं. कोरकू घरातला तरुण, आमच्याच पेशातला. नाव विचारलं, शाळा विचारली आणि सायकल स्वतःच आत नेली. मगरिबला मी मावळतीकडे तोंड करून उभा राहिलो, तर त्याने न बोलता मधली बाज उचलून बाजूला ठेवली.

रात्री भाकर आणि तुरीची डाळ खाताना भाषेचा विषय निघाला. कोरकूमध्ये 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून कोरकू म्हणजे नुसतं 'माणसं'. त्यांच्या भाषेचे जवळचे नातलग मराठी-हिंदी नव्हेत, तर दूर झारखंडकडच्या मुंडारी आणि संताळी. वाघाला ते 'कुला' म्हणतात, आदराने 'कुला मामा'. माझ्या उर्दूच्या वर्गात पहिल्या दिवशी मुलं जशी शब्द घोकतात, तसे मी ते घोकत राहिलो. तो माझे उच्चार सुधारत होता आणि हसत होता. बाहेर कुत्री भुंकली की दोघंही गप्प व्हायचो. मग तो म्हणायचा, "काही नाही सर, पुढे म्हणा."