आधी मोजा, मग भांडा

मागच्या उन्हाळ्यात माझ्या खालांच्या मुलीची ऑनलाईन मुलाखत होती. घर मोमिनपुऱ्यातलं, जुनं, जाड भिंतींचं. समोरच्या खोलीत वर्दळ, म्हणून ती आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. अर्ध्या तासात कॉल तीनदा तुटला आणि नोकरी गेली. संध्याकाळी मी भेटायला गेलो तेव्हा खाला एवढंच म्हणाल्या, "अपने इधर नेट ऐसाइच रहता, बेटा."

मीही मान हलवली. आपल्या मोहल्ल्याला सगळंच दुय्यम मिळतं, मग इंटरनेट तरी कसं चांगलं मिळेल, असं माझ्याही मनात आलं. घरी परतताना मात्र स्वतःची लाज वाटली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफिसात कुणी "सिस्टीम स्लो आहे" म्हटलं तर माझा पहिला प्रश्न असतो, "किती स्लो? कुठे मोजलं?" खालांच्या घरी मी हा प्रश्न विचारलाच नव्हता.

पुढच्या शुक्रवारी जुम्यानंतर लॅपटॉप आणि एक नेटवर्क केबल घेऊन गेलो. प्लॅन १०० एमबीपीएसचा होता. राऊटरला थेट केबल लावून मोजलं तर ९२ आले. म्हणजे दुपारी लाईन उत्तम होती. केबल काढून त्याच लॅपटॉपवर आतल्या खोलीत वाय-फायने मोजलं तर फक्त ६. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. राऊटर लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला होता आणि मध्ये पाण्याने भरलेला कूलर होता. पत्रा वाय-फायच्या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं. नागपूरच्या निम्म्या घरांत उन्हाळ्यात हेच चित्र असेल. राऊटर दरवाज्याच्या वर, मोकळ्या जागी टांगला आणि आतल्या खोलीत आकडा ४५ वर गेला. खर्च एका खिळ्याचा.

पण गोष्ट इथे संपली नाही. इशानंतर पुन्हा केबल लावून मोजलं तेव्हा ९२ चे १८ झाले होते. इथे घराचा दोष नव्हता. संध्याकाळी सगळे एकदम ऑनलाईन येतात आणि कंपनीने मागे पुरेशी क्षमता ठेवली नसेल तर वेग कोसळतो. म्हणजे आमची तक्रार अर्धी खोटी होती आणि अर्धी खरी. मोजलं नसतं तर कुठली अर्धी खरी हे कधीच कळलं नसतं.

म्हणून तुम्हाला सांगतो, आधी मोजा. मटण घेताना आपण काट्याकडे बघतो, पेट्रोल भरताना शून्य बघतो. इंटरनेटचं बिल मात्र दर महिन्याला डोळे मिटून भरतो.

मोजायची रीत अवघड नाही. घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही थोडा वेळ बंद ठेवा, व्हीपीएन बंद करा आणि शक्य असेल तर लॅपटॉप केबलने राऊटरला जोडा. स्पीडटेस्ट बहुतेकांना माहीत आहे. ती जवळचा सर्व्हर निवडते आणि तो अनेकदा तुमच्याच कंपनीकडे असतो. म्हणून सोबत नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम किंवा एम-लॅबची चाचणीही करा. दोन्हींत फार फरक आला तर त्याचीही नोंद ठेवा. सकाळी, दुपारी आणि रात्री दहाच्या सुमारास, असे सात दिवस मोजलं की २१ आकडे होतात. एका आकड्याने काही सिद्ध होत नाही, पण २१ आकड्यांकडे दुर्लक्ष करणं अवघड जातं.

आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि फाईलचा आकार मेगाबाईटमध्ये. एक बाईट म्हणजे आठ बिट. म्हणून १०० च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाईटच उतरणार, त्यात फसवणूक नाही. दुसरी गोष्ट, एका व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. मुलाखत तुटते ती बहुतेक वेळा डाऊनलोड कमी म्हणून नाही, तर अपलोड अडकल्यामुळे किंवा पिंग वरखाली झाल्यामुळे. पिंग म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ. घरात कुणी मोठी फाईल चढवत असताना तो २० मिलिसेकंदांवरून ४०० वर गेला की समोरच्याला तुमचा आवाज तुटक ऐकू येतो. अशा वेळी ३०० चा प्लॅन घेऊन उपयोग होईलच असं नाही. मुलाखतीच्या तासाभरात फोनचा बॅकअप थांबवला तर फरक पडतो.

दुरुस्तीचंही तसंच. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून लांब जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. दाट वस्तीत वीस घरांचे राऊटर त्या तिघांतच भांडतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान असतो, पण जाड भिंतीपुढे दमतो. म्हणून राऊटरच्याच खोलीत बसणार असाल तर ५, लांब बसणार असाल तर २.४. प्लॅन २०० चा असूनही केबलवर आकडा ९४ च्या आसपासच अडकत असेल तर राऊटरचं पोर्ट किंवा केबल जुनी आहे, ती १०० च्या पुढे जाऊच शकत नाही. आणि महिनाअखेरीलाच वेग पडत असेल तर प्लॅनची डेटा मर्यादा संपली का, ते आधी बघा.

काही मित्र म्हणतात, "हे म्हणजे आपल्याच लोकांना दोष देणं झालं. गल्लीत फायबर टाकायला कंपन्या येत नाहीत, त्याचं काय?" हा प्रश्न खरा आहे आणि मला तो टाळायचा नाही. पण "आमच्याकडे नेट येत नाही" हे वाक्य कॉल सेंटरवरची व्यक्ती दिवसातून शंभर वेळा ऐकते. "आमच्या गल्लीतल्या दहा घरांत, केबलने मोजलेला, रात्री दहाचा वेग सात दिवस प्लॅनच्या पाचव्या हिश्श्याच्या खाली होता" हे वाक्य तिने क्वचितच ऐकलेलं असतं. घरातले दोष आपण आधीच दूर केले असतील तर "राऊटर बंद करून चालू करा" या उत्तरालाही जागा उरत नाही.

पुढचा रस्ता कायद्याने दिलेला आहे. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार तक्रार केली की कंपनीने डॉकेट क्रमांक द्यायलाच हवा. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. तिथेही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिकॉम कंपनीविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. खालांच्या बाबतीत पहिल्या तक्रारीवर साचेबंद उत्तर आलं. २१ आकड्यांचा तक्ता जोडून अपील केलं, तेव्हा लाईनमन आला आणि जोडणी दुसरीकडे हलवली गेली. आता रात्री ७० च्या आसपास मिळतात.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. केरळमधली फहीमा शिरीन ही कॉलेजची विद्यार्थिनी. वसतिगृहात ठरावीक वेळी मोबाईल जमा करण्याचा नियम तिने मानला नाही, म्हणून तिला बाहेर काढलं. ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने इंटरनेटपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग मानला आणि तिला परत घ्यायला सांगितलं. आपल्याच वयाच्या मुलीने हा हक्क मिळवून दिला. पण हक्क किती मिळतो हे आकड्यावर ठरतं. सरकारी व्याख्येनुसार २ एमबीपीएस मिळाले की ते ब्रॉडबँड झालं, आणि हा आकडाही जानेवारी २०२३ मध्ये आला. त्याआधी ५१२ केबीपीएसलाही ब्रॉडबँडच म्हणत. त्यामुळे कागदावर आपली गल्ली 'जोडलेली' दिसू शकते आणि आतल्या खोलीतली मुलगी मुलाखत गमावू शकते.

माझी सूचना साधी आहे. मोहल्ल्याच्या लायब्ररीत किंवा अभ्यासिकेत दोन-तीन जणांनी एक वही ठेवावी. गल्लीतल्या दहा घरांत जाऊन आधी राऊटरची जागा नीट करून द्यावी, मग आठवडाभर वेग लिहावा. ज्यांचा प्रश्न घरातच सुटेल त्यांचा तिथेच सुटेल. ज्यांचा सुटणार नाही त्यांच्या तक्रारी एकाच दिवशी, तक्त्यासकट टाकाव्यात.

खालांच्या मुलीची पुढची मुलाखत ऑक्टोबरात झाली. आदल्या रात्री तिने स्वतःच मोजलं, अपलोड आणि पिंगसुद्धा, आणि भावाला दम दिला की उद्या अकरा ते बारा गेम बंद. कॉल एकदाही तुटला नाही. तुमच्या घरी पुढची मुलाखत कधी आहे? त्याच्या आठवडाभर आधी मोजायला लागा.