क्रिप्टोची जाहिरात: वसुली कुणाच्या खिशातून?

2021 च्या टी-20 विश्वचषकात सामना लावला की क्रिप्टोची जाहिरात ठरलेलीच. 1 एप्रिल 2022 पासून जाहिरात मानक परिषदेने धोक्याची सूचना सक्तीची केली. त्याच दिवसापासून नफ्यावर 30 टक्के कर लागला, जुलैपासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस. टीव्हीवरचा धुरळा बसला, मोबाईलवरचा मात्र नाही.

कारण कंपनीचा हिशोब सरळ आहे. टीव्हीला पैसे आधी मोजायचे, गिऱ्हाईक येवो न येवो. रेफरल लिंकवर पैसे द्यायचे ते पोरगं खातं उघडून व्यवहार करेल तेव्हाच. अनेक एक्स्चेंज लिंक देणाऱ्याला व्यवहार शुल्कातला वाटा देतात. म्हणजे घे-विक जितकी जास्त, तितकं त्याचं कमिशन. पोरगं कमावतंय की बुडतंय, याच्याशी त्याला काय देणंघेणं? रोज नवा कॉइन सुचवला जातो तो उगाच नाही.

आता पोराची बाजू. एका कॉइनमध्ये 20 हजार कमावले, दुसऱ्यात तेवढेच घालवले. हातात शून्य. तरी कमाईवर 6 हजार कर आणि वर सेस भरायचाच, कारण कायद्यात तोटा वजा होत नाही. सोयाबीनच्या पट्टीतून आलेल्या पैशाला हे परवडणारं नाही.

धोक्याची सूचना सोशल मीडियावरच्या जाहिरातींनाही लागू आहे. पण परिषद सरकारी नाही, जाहिरात क्षेत्रानेच उभी केलेली. टेलिग्रामच्या बंद ग्रुपवर तिने नजर ठेवायची कशी? तिथे आलेल्या लिंकच्या शेवटी कोड दिसला, तर सांगणाऱ्याचा त्यात वाटा आहे असं धरूनच चालावं.