शेकापला परत उभं राहायचं असेल तर पीक कापणीच्या प्लॉटवर या

आज फवारणी-खत सोडून राजकारणावर लिहितोय. पण विषय बांधावरचाच आहे.

२०२४ ला विधानसभेच्या २८८ जागांपैकी शेतकरी कामगार पक्षाला एकच मिळाली, सांगोल्याची. त्याच वर्षी जुलैमध्ये जयंत पाटील विधान परिषदेला पडले. रायगडात जुनी माणसं दुसरीकडं गेली. "लाल बावटा संपला" असं पारावर सर्रास ऐकू येतं. मी या पक्षाचा सभासद नाही, पण संपला असं मला वाटत नाही. आणि संपू नये असंही वाटतं, कारण सत्तेतल्यांना आणि सत्तेची वाट बघणाऱ्यांना शेतीचे किचकट प्रश्न विचारणारं कुणीतरी लागतं.

सांगोल्याचंच बघा. गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, ११ वेळा आमदार झाले हे सगळे सांगतात. १९७२ आणि १९९५ ला ते पडले होते, हे कमी जण सांगतात. दोन्ही वेळा परत निवडून आले. पैसा त्यांच्याकडं नव्हता, एसटीनं फिरणारा माणूस. पण दुष्काळात हाताला काम आणि शेताला पाणी हे दोन विषय त्यांनी हरल्यावरही सोडले नाहीत. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागेंची, ते काँग्रेसचे. पण १९७२ च्या दुष्काळात कामासाठी रेटा लावणाऱ्यांत शेकापची माणसं पुढं होती, आणि १९७७ ला त्याचा कायदा झाला. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून आटपाडीला पाणी परिषदा झाल्या, त्यातही आबा नागनाथअण्णांसोबत होते. २०१९ ला सांगोला थोडक्यात गेलं, २०२४ ला परत आलं. ही मतं एका सभेतून आलेली नाहीत.

मग आज हातात घ्यावा असा विषय कोणता? माझ्या मते पीकविमा. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला आणि भरपाईचा मुख्य आधार पीक कापणी प्रयोग राहिला. मंडळातल्या मोजक्या प्लॉटवर वजन होतं, त्याची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या खाली आली तरच पैसे. म्हणजे थोड्याच प्लॉटवर अख्ख्या मंडळाचं ठरतं. आणि आमच्याकडं प्लॉट कुणाच्या रानात पडला हे बऱ्याचदा सोयाबीन काढून झाल्यावर कळतं!

इथं पक्षाला काम आहे. प्रत्येक मंडळात दोन पोरं तयार करा. प्लॉटची यादी आधी मागा, कापणीच्या दिवशी हजर राहा, माप आणि वजन लिहून घ्या, फोटो काढा, गावच्या ग्रुपवर टाका. डाळिंबवाल्यांचा फळपीक विमा हवामान केंद्राच्या आकड्यावर चालतो. ते केंद्र चालू आहे का, त्याला झाडोरा चिकटलाय का, हे महिन्यातून एकदा बघून या. रोहयोतून विहीर खोदली आणि कुशलचं बिल अडकलं, अशांची यादी करून पंचायत समितीत बसा. याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते. हंगामागून हंगाम.

कुणी म्हणेल, निधी सत्ताधाऱ्याकडं असतो, लोक तिकडंच जाणार. खरंय. रस्ता, सभामंडप त्यांच्याकडूनच येणार, तिथं लहान पक्षानं स्पर्धाच करू नये. पण वजन बरोबर झालं का हे तपासायला सत्ताधारी येत नाही, कारण चुकलं तर उत्तर त्यालाच द्यायचंय. ती जागा रिकामी आहे.

आघाडीत किती जागा सुटल्या यावर जेवढ्या बैठका होतात, त्याच्या निम्म्या कापणीच्या हंगामात झाल्या तरी फरक दिसेल. निवडून येतीलच याची हमी नाही. पण मंडळाचा आकडा खरा लागला तर विम्याचे पैसे सगळ्या पक्षांच्या शेतकऱ्यांना मिळतील, आणि प्लॉटवर कोण उभं होतं हे गावात लपत नाही.

कृषी खात्यातले बरेच मित्र हे पान वाचतात. प्लॉट निवडीचं काही चुकीचं लिहिलं असेल तर खाली सांगा. आणि शेतकऱ्यांनो, तुमच्या मंडळात गेल्या हंगामात कापणीला कोण हजर होतं, तेही लिहा.