गुणी, पण जरा तापट

मैत्रिणींनो, परवाचीच गोष्ट. शाळेतून येऊन तवा चढवते न चढवते तोच शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात हजर. वाटी नुसती निमित्ताला होती. लेकीला स्थळ सांगून आलेलं, आणि ते कुणाला तरी सांगितल्यावाचून त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. मुलगा इंजिनिअर, पुण्यात स्वतःचा ब्लॉक, घरचं चांगलं.

"सगळं कसं छान आहे हो," काकू म्हणाल्या, "फक्त मुलगा जरा तापट आहे म्हणतात. दोन नोकऱ्या साहेबाशी भांडून सोडल्या. पण गुणी आहे. आपल्याकडे आला की निवळेल!"

आमच्या थोरल्या वन्सं शिकागोहून महिनाभर आल्यात. त्या ओट्याशी बसून मटार सोलत होत्या. काकू गेल्यावर मला म्हणाल्या, "अगं, आमच्या शेजारच्या आजीबाईंनी अगदी हेच वाक्य म्हटलं होतं बघ. 'आमच्याकडे आला की निवळेल!'"

"कुणाच्या लग्नात हो?"

"लग्न कुठलं! बेसबॉलच्या खेळाडूबद्दल!"

आता मला बेसबॉलमधलं काय कळतंय? आमच्याकडे क्रिकेट लागलं की मी स्वयंपाकघरात. पण वन्संनी गोष्ट अशी काही सांगितली की पोळी करपायची राहिली एवढंच.

शिकागोत कब्ज नावाचा संघ आहे. त्यांचं रिग्ली फील्ड मैदान जुनं. कडेची विटांची भिंत वेलींनी झाकलेली. या संघाने अजिंक्यपद मिळवलं होतं १९०८ साली. त्यानंतर शंभर वर्षं नाही म्हणजे नाहीच! तिथल्या घरांत आजोबांनी वाट पाहायची, मग मुलाने, मग नातवाने. २००८ साली संघाने ९७ सामने जिंकले. आता देव पावणार असं वाटलं, तर बाद फेरीत तीन सामन्यांत तीन वेळा हरून घरी. त्याच्या आदल्या वर्षीही अगदी तसंच. दु:खापेक्षा लाज जास्त. आणि जाणकार सांगायला लागले, की आपल्याकडे डावखुऱ्या पद्धतीने मारणारा भक्कम फलंदाज नाही, तो आणा.

म्हणून जानेवारी २००९ मध्ये कब्जने मिल्टन ब्रॅडली नावाच्या खेळाडूशी करार केला. तीन वर्षं, तीन कोटी डॉलर! तो आउटफिल्डर, म्हणजे लांब भिंतीजवळ उभा राहून उंच उडालेले चेंडू झेलणारा. फलंदाजी दोन्ही हातांनी करायचा. आदल्या वर्षी टेक्सासच्या संघाकडून खेळताना बेसवर पोचण्याच्या सरासरीत त्याच्या लीगमध्ये त्याचा पहिला नंबर होता. फलंदाजीला शंभर वेळा उतरला तर त्रेचाळीस वेळा बेस गाठायचा. गुणांत खोट नाही!

आणि स्वभाव? शिकागो हा त्याचा सातवा संघ. सातवा! यावरूनच काय ते समजा. २००४ साली लॉस एंजेलिसला एका प्रेक्षकाने त्याच्यावर प्लॅस्टिकची बाटली फेकली, ती त्याने उचलून परत प्रेक्षकांतच आपटली. २००७ साली तो पंचाच्या अंगावर धावून निघाला, त्याला आवरता आवरता त्याच्याच व्यवस्थापकाच्या हातून तो पडला आणि गुडघा कामातून गेला. (त्या वेळी पंचही वावगं बोलला होता, त्यालाही उरलेल्या हंगामापुरतं घरी बसवलं. एका हाताने टाळी वाजत नाही, हेही खरं.) २००८ मध्ये टीव्हीवरच्या समालोचकाचे शब्द लागले म्हणून सामना संपल्यावर त्याला जाब विचारायला थेट वर निघाला.

ही सगळी कुंडली शिकागोच्या लोकांना ठाऊक होती बरं का! वन्सं सांगत होत्या, करार झाला त्या आठवड्यात दारासमोरचं बर्फ ओढताना गल्लीत दुसरा विषय नव्हता. शेजारच्या आजीबाई पंचाहत्तरीच्या, लहानपणापासून कब्जच्या भक्त. त्या म्हणाल्या, "आमची पोरं फार सज्जन, म्हणून हरतात. थोडी आग हवीच. आणि आमच्याकडे माया मिळाली की निवळेल." त्यांचा मुलगा चिडलेला. त्याचा आवडता मार्क डिरोसा, हसतमुख, सांगाल तिथे उभा राहणारा, त्याला नुकतंच क्लीव्हलँडला देऊन टाकलं होतं. तो म्हणाला, "घरातला शहाणा मुलगा बाहेर काढून भांडकुदळ आणलात!" त्यांची सून मात्र काहीच बोलली नाही. बर्फ ओढत राहिली. वन्संना ते तेव्हा लक्षात आलं नाही, पुढे आठवलं.

मग व्हायचं तेच झालं. एप्रिलमध्ये रिग्ली फील्डवर तो पहिल्यांदा फलंदाजीला आला. तिन्ही बेस भरलेले, चाळीसेक हजार लोक उभे, आणि पंचाने त्याला बाद दिलं. त्याने वाद घातला, आणि घरच्या मैदानावर पहिल्याच खेळीत पंचाने त्याला बाहेर काढलं! नव्या नवरीने माप ओलांडायच्या आधीच भांडण, तसलं. जूनमध्ये त्याने एक झेल घेतला, डाव संपला असं समजून चेंडू खुशाल प्रेक्षकांत फेकून दिला, आणि डाव संपायला अजून एक गडी बाद व्हायचा होता! लोक हसले, मग ओरडू लागले. गुडघ्याला टेकलेल्या माणसासारखा त्याचा खेळही खाली गेला. जानेवारीत "आमचा आमचा" म्हणणारेच आता तो मैदानात आला की हुर्यो करत. बाकांवरून आपल्या वर्णावरून शिव्या येतात, असंही त्याने सांगितलं. सप्टेंबरमध्ये तो वार्ताहराजवळ बोलून गेला, की इथे शंभर वर्षांत यश का नाही ते आता कळतं. झालं! जखमेवर मीठ. संघाने उरलेल्या हंगामासाठी त्याला घरी बसवलं आणि डिसेंबरात सिॲटलच्या संघाला देऊन टाकलं. तीन वर्षांचा संसार एका वर्षात आटोपला.

"मग आजीबाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, पीडा गेली."

मैत्रिणींनो, मी शाळेत अर्धा वेळ शिकवते. चाळीस मुलांत एखादा तापट असतोच, आणि बहुतेक वेळा तो हुशारही असतो. त्याचं काय करायचं, हे मलाही सगळं कळलंय असं नाही. पण दोन गोष्टी करायच्या नाहीत, एवढं कळलंय. त्याने वर्गाला बक्षीस मिळवून दिलं म्हणून त्याच्या दांडगाईकडे काणाडोळा करायचा नाही. आणि तो चुकला की सगळ्या वर्गाला त्याच्यावर सोडायचं नाही. शिकागोकरांनी दोन्ही केलं. आधी गुणांपायी डोळे मिटले, मग त्याच माणसावर तोंडसुख घेतलं. मधलं काम, म्हणजे याच्या रागाला औषध काय आणि तो भडकेल त्या दिवशी आपण काय करणार, हे कुणी मनावर घेतलं नाही. विशेष म्हणजे २०१० च्या मे महिन्यात सिॲटलला त्याने स्वतःच मदत मागितली. त्यांनी त्याला रजा दिली, तो दोनेक आठवड्यांनी परत आला. पण फार उशीर झाला होता. पुढच्या वर्षी त्याही संघाने त्याला सोडलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितली नसती. वन्संनी शेवट सांगितला तेव्हा मटारचं परात बाजूला ठेवलं. २०१३ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयात हाच ब्रॅडली बायकोला मारहाण केल्याबद्दल आणि धमकावल्याबद्दल दोषी ठरला. बत्तीस महिन्यांची शिक्षा झाली.

मी गप्पच झाले. इतकी वर्षं हजारो लोक हिशेब करत होते, की याच्या रागाचा संघाला किती तोटा आणि बॅटचा किती फायदा. त्या हिशेबात घरातली बाई कुठेच नव्हती. मैदानावर निदान पंच असतो. बाहेर काढतो, दंड होतो, दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. संघाला नको झाला तर संघ म्हणतो, जा घरी. आणि घरी? घरात पंच नसतो, बायांनो.

प्रत्येक चिडका माणूस हात उगारतो असं मी म्हणत नाही. आमचे 'हे'सुद्धा मीठ कमी पडलं की भुवया चढवतात, आणि पाच मिनिटांनी स्वतःच मीठ घेऊन कालवतात. राग येणं वेगळं, आणि राग आला की समोरच्याने भ्यायचं, हे वेगळं. स्थळ बघताना पगार विचारतो, ब्लॉक विचारतो, पत्रिका बघतो. मग हेही बघावं: तो चिडला की घरात कोण गप्प बसतं? आई का धाकटी बहीण? हॉटेलातल्या पोऱ्याशी, रिक्षावाल्याशी तो कसा बोलतो? भांडण झाल्यावर 'माझं चुकलं' असं शेवटी कधी म्हणाला? आणि मुलीला नीट सांगावं, की निवळवण्याचं काम तिच्या एकटीचं नाही, आणि माहेरचं दार उघडं आहे. हे दार उघडं असल्याचं लग्नाआधी सांगायचं असतं, नंतर नव्हे.

कब्जचं पुढे काय झालं म्हणाल, तर २०१६ साली ते अजिंक्य झाले. १०८ वर्षांनी! आजीबाईंनी तो दिवस पाहिला. शेजारणीला बोलावून केक कापला. तेव्हा सून वन्संना हळूच म्हणाली, "त्या वर्षी बर्फ ओढताना मला वाटत होतं, याच्या घरी कोण असेल?"

संध्याकाळी मी काकूंची वाटी परत द्यायला गेले. रिकामी कशी द्यायची, म्हणून मटारची उसळ घातली. आणि बसून त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली. काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याच्या धाकट्या बहिणीशी माझ्या लेकीला एकदा बोलू दे. मग बघू."

मला वाटतं, उसळ सत्कारणी लागली.