नावात ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, हातात रात्रपाळी

हैदराबादेतील जुन्या मराठी घरांना दप्तराचे काम नवे नाही. निजामाच्या राज्यात दफ्तर-ए-दिवाणीची सूत्रे पिढ्यान्‌पिढ्या रायरायां या मराठी घराण्याकडे होती. १९९८ साली सायबर टॉवर्स उभे राहिले आणि आपल्या घरांतली मुले-मुली संगणकातल्या दप्तराच्या राखणीला लागली. डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर, बोलण्यात डीबीए. बँकेची खाती, विम्याच्या नोंदी शाबूत ठेवणे, बॅकअप घेणे आणि तो वेळेला खरोखर परत उतरवता येतो की नाही हे तपासणे, हे त्यांचे काम.

पगार बरा असतो, म्हणून या नोकरीची दुखणी घरात बोलली जात नाहीत. अमेरिकेतील ग्राहक देखभालीसाठी शनिवारची रात्र ठरवतो. तेव्हा इथे रविवारची सकाळ असते. ज्याची ऑन-कॉल पाळी, त्याने आठवडाभर फोन उशाशी ठेवायचा. रात्री दोनला डिस्क भरली की उठायचे आणि सकाळी दहाच्या बैठकीला पुन्हा हजर व्हायचे. वर्षअखेरीस बहुतेक परदेशी ग्राहक यंत्रणेतले बदल थांबवतात, तेवढीच उसंत. गणपती-दिवाळी त्यांच्या पंचांगात नाही! सर्व सुरळीत चालले तर या माणसाची कोणाला आठवणही होत नाही. एक टेबल चुकून पुसले गेले की मात्र वरपासून खालपर्यंत सगळे त्याचे नाव घेतात.

आता कायद्याकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. जादा तासांना दुप्पट दर, त्यासाठी कामगाराची संमती, अशा तरतुदी त्यांत आहेत. परंतु त्या ‘कामगारा’साठी. त्या व्याख्येत कुशल आणि तांत्रिक काम करणारे येतात. मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय कामावर नेमलेले वगळले आहेत. आणि आमच्या मुलांच्या नेमणूकपत्रावर ठळक अक्षरांत काय, तर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’! त्यांच्या हाताखाली बहुधा एकही माणूस नसतो, कोणाची रजा मंजूर करण्याचा अधिकार नसतो. त्यांचे प्रशासन चालते ते इंडेक्सवर आणि पासवर्डांवर.

पदनाम नव्हे, प्रत्यक्ष काम पाहावे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पण कर्जाचे हप्ते फेडणारा तिशीतला तरुण कंपनीविरुद्ध न्यायालयाची पायरी चढेल, ही अपेक्षा आम्हांस भाबडी वाटते. राज्य सरकारचा कल कोणीकडे आहे तेही दिसते. संयुक्त आंध्रच्या काळापासून आयटी कंपन्यांना दुकाने व आस्थापना कायद्याच्या काही कलमांतून सूट मिळत आली. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाने व्यापारी आस्थापनांत दिवसाला १० तासांपर्यंत कामाची मुभा दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासच राहिली. पण उशाशी फोन ठेवून काढलेली रात्र त्या ४८ तासांत धरायची की नाही? बहुतेक कंपन्या ती धरत नाहीत.

आमची मागणी दोन गोष्टींची आहे. हाताखाली माणसे नसलेला डीबीए हा तांत्रिक कामगारच, असे कामगार खात्याने परिपत्रक काढून सांगावे. आणि ऑन-कॉल पाळीत फोन आल्यापासून काम संपेपर्यंतचा वेळ कामाचा धरावा, रात्री उठावे लागल्यास दुसऱ्या दिवशी सकाळची सुटी द्यावी. या निवेदनासाठी सभासदांनी आपली नेमणूकपत्रे, नाव व कंपनी झाकून, मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावीत. रात्री किती वाजता फोन आला आणि किती वाजता काम संपले, याची नोंद आजपासून वहीत ठेवावी. इतरांच्या नोंदी जपणाऱ्यांकडे स्वतःची एवढीही नोंद नसते, असे आम्हांस दिसून आले आहे.