चला भटकायला! : विहीर नसलेलं बेट

दोस्तांनो, परीक्षा संपली की 'सुटीत कुठं जायचं?' यावरून घरोघरी वाद सुरू होतात. कुणाला डोंगर हवा, कुणाला समुद्र. आज आपण जरा लांबच्या समुद्रावर जाऊ. काढा पाहू नकाशाचं पुस्तक! आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर टांझानिया सापडला? त्याच्यासमोर समुद्रात झांझिबार. आपल्याकडचे जुने व्यापारी त्याला 'जंगबार' म्हणायचे. मोसमी वाऱ्यांच्या जोरावर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून शेकडो वर्षं गलबतं तिकडं जात-येत होती. म्हणून तर तिथल्या स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी' आणि चपातीला चक्क 'चपाती'च म्हणतात!

झांझिबार शहरापासून साधारण १२ किलोमीटरवर चुंबे नावाचं पिटुकलं बेट आहे. लांबी जेमतेम एक किलोमीटर. तिथं धक्काबिक्का काही नाही. बोट किनाऱ्याजवळ थांबली की चपला हातात घ्यायच्या आणि पाण्यातून चालत वाळूवर जायचं. समोरून हाक येते, 'करिबू!' म्हणजे 'या, या!'

पाहुण्यांसाठी इथं फक्त सात घरं आहेत. भिंतींना लाकूड-काठ्या, वर झावळ्यांचं मोठ्ठं छप्पर. पंखा नाही, एसी नाही. समुद्राकडची बाजू मोकळी सोडली, की वाराच पंख्याचं काम करतो. बिछाना वरच्या माळ्यावर. झोपल्या झोपल्या लाटांचा आवाज ऐकायचा. मजा आहे की नाही?

पण थांबा. तहान लागली तर? हे बेट म्हणजे जुन्या प्रवाळांचा खडक. खणलं तरी गोडं पाणी लागत नाही. विहीर नाही, ओढा नाही. मग करायचं काय? उत्तर आपल्या डोक्यावरच आहे. छप्पर! पावसाचं पाणी छपरावरून खाली येतं, गाळलं जातं आणि घराखालच्या टाकीत साठतं. आंघोळीचं पाणी उन्हावर तापतं. दिवेही उन्हाच्याच विजेवर लागतात. आंघोळीचं सांडपाणी झाडांच्या वाफ्यात सोडतात. नळ उघडा ठेवून दात घासायची सवय असेल, तर ती इथं आपोआप सुटते. कारण टाकीतलं पाणी संपलं, तर पुढचा पाऊस येईपर्यंत काय, हे डोळ्यांसमोर दिसत असतं ना!

आता संडास. नाक मुरडू नका, ही खरी शास्त्राची गोष्ट आहे! इथं फ्लश नाही. पाण्याऐवजी वरून पालापाचोळ्याचं कोरडं मिश्रण टाकायचं. खाली हवा खेळती राहते आणि हळूहळू खत तयार होतं. वासही येत नाही. एवढा खटाटोप कशासाठी? तर, मैला समुद्रात गेला की पाण्यात शेवाळाचं 'खाद्य' वाढतं. शेवाळ फोफावतं आणि प्रवाळांना झाकून टाकतं. म्हणजे पाहुण्यांनी जे पाहायला एवढ्या लांबून यायचं, त्याचाच पाहुण्यांमुळं जीव जायचा!

अंधार पडला की हातात टॉर्च घ्या. बाहेर झगमगाट मुद्दामच ठेवलेला नाही. रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांना त्याचा त्रास होतो. आणि इथला रात्रीचा राजा कोण, माहीत आहे? नारळखेकडा! जमिनीवर राहणाऱ्या खेकड्यांत हा सगळ्यांत मोठा. पाय पसरले तर जवळजवळ एक मीटर! झाडावर चढतो आणि आपल्या नांग्यांनी नारळसुद्धा फोडतो. तेव्हा बोट दाखवा, पण बोट लावू नका, बरं का!

सकाळी दीपस्तंभावर चढू. तो १९०४ साली बांधलेला आहे. सव्वाशेहून जास्त पायऱ्या चढून वर गेलं की पश्चिमेला उथळ निळ्या पाण्यात काळपट-तपकिरी पट्टा दिसतो. तीच प्रवाळांची बाग. डोळ्यांना काच आणि तोंडात श्वासनळी लावून पाण्यावर तरंगायचं आणि नुसतं खाली बघायचं. इथं सुमारे २०० प्रकारचे कठीण प्रवाळ आणि ४०० हून जास्त जातींचे मासे आहेत. प्रवाळ दिसतो दगडासारखा किंवा झुडपासारखा, पण असतो प्राणी! लाखो इवल्या जीवांची ती वसाहत असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हातून अन्न बनवतं आणि प्रवाळाला देतं. पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते, शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. १९९८ आणि २०१६ साली जगभरच्या समुद्रांत असं मोठ्या प्रमाणावर घडलं. चुंबेलाही त्याची झळ बसली. कुंपण कितीही भक्कम घाला, गरम पाण्याला ते अडत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ही बाग टिकली कशी?

शिक्षणाच्या कामासाठी टांझानियात आलेल्या सिबिल रीडमिलर नावाच्या जर्मन बाईंनी १९९१ मध्ये हे काम सुरू केलं. १९९४ साली झांझिबार सरकारनं इथला प्रवाळांचा पट्टा राखीव जाहीर केला. म्हणजे तिथं मासेमारी बंद!

आता तुम्ही शेजारच्या गावातल्या कोळ्याच्या घरात आहात असं समजा. बाबांची छोटी होडी. आज मासे मिळाले तर आज चूल पेटणार. आणि कुणी तरी येऊन म्हणतं, 'या पाण्यात जाळं टाकायचं नाही.' तुम्हाला राग येईल की नाही? मला तर आला असता. समुद्र काय कुणाच्या मालकीचा आहे?

चुंबेच्या लोकांनी इथं एक शहाणपणा केला. बाहेरून बंदूकधारी पहारेकरी आणले नाहीत. आसपासच्या गावांतल्या कोळ्यांनाच शिकवून रक्षक केलं. त्यांच्या हातात शस्त्र नसतं. होडी राखीव पाण्यात शिरली की ते जवळ जातात आणि बोलतात. कोळ्याची भाषा कोळ्यालाच कळते! ते काय समजावतात? आपल्या शेतकऱ्याला विचारा. घरात कितीही चणचण असली, तरी तो बियाण्याचं धान्य दळून खात नाही. राखीव पाणी म्हणजे समुद्राची बियाण्याची कणगी. तिथं मासे निवांत मोठे होतात. मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी जास्त अंडी घालते. आणि माशांना सीमारेषा कुठं ठाऊक असते? ते बाहेरच्या पाण्यात जातात, तिथं जाळं टाकायला मोकळीक आहेच.

दुसरी गोष्ट ऐकून तर तुम्हाला नवल वाटेल. झांझिबारच्या कितीतरी मुलांनी, विशेषतः मुलींनी, समुद्राच्या काठी राहूनही पाण्याखालचं जग कधी पाहिलेलंच नसतं. पोहायला शिकवलेलं नसतं ना! म्हणून तिथल्या शाळांच्या सहली चुंबेवर येतात. मुलं पाण्यात उतरतात आणि आपल्याच समुद्राकडं पहिल्यांदा आतून बघतात. या सहलींचा, रक्षकांच्या पगाराचा खर्च कोण करतं? सात घरांत राहणारे पाहुणे. तुम्ही एक रात्र झोपलात, की कुणाच्या तरी सहलीला हातभार लागतो.

सगळं गोड गोड आहे का? नाही. इथला मुक्काम महाग आहे, कारण पाहुणे थोडेच घेतात. आणि २०२० साली कोरोनामुळं जगभरचा प्रवास थांबला, तेव्हा पाहुण्यांच्या पैशांवर चालणाऱ्या अशा सगळ्याच जागांची पंचाईत झाली. खेकड्यांची, प्रवाळांची राखण फक्त पर्यटकांच्या खिशावर ठेवावी का? यावर वर्गात वाद घालून बघा. मला स्वतःला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही.

आणि हो, असं काही बघायला आफ्रिकेतच जायला हवं असं नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात गावकरी समुद्री कासवांची अंडी राखतात. पिल्लं समुद्राकडं निघतात ते बघायला लोक येतात आणि गावातल्याच घरांत उतरतात, घरचं जेवण जेवतात.

तेव्हा यंदा कुठल्याही किनाऱ्यावर गेलात, तर तिथं चार प्रश्न नक्की विचारा. इथलं पाणी कुठून येतं? सांडपाणी कुठं जातं? इथं कामाला गावातली माणसं आहेत का? आणि गावातल्या मुलांना या जागेचा काय उपयोग? उत्तरं मिळाली तर वहीत लिहून ठेवा. कुणी उत्तर द्यायचं टाळलं, तर तेही लिहा!

आजच्यापुरतं पुरे. चुंबेच्या भाषेत निरोप घेऊ. 'क्वाहेरी!' म्हणजे, अच्छा!