हृदयशूळ आणि महिन्याची गोळी

हृदयविकाराची चर्चा निघाली की ती बलून आणि स्टेंट यांपलीकडे फारशी जात नाही. परंतु जळगावच्या केळीबागांत घड वाहणाऱ्या किंवा धुळ्याच्या बाजार समितीत पोती उचलणाऱ्या श्रमिकाचे दुखणे बहुधा निराळे असते. ओझे उचलताच छाती आवळते, विसावताच कळ ओसरते. महिनोन्महिने एकाच रीतीने येणाऱ्या या दुखण्याला वैद्यक स्थिर हृदयशूळ, म्हणजेच अंजायना म्हणते. त्यावर कोणते औषध सरस, हा प्रश्न वरवर वैद्यकीय आहे. त्याचे उत्तर मात्र सार्वजनिक धोरणापर्यंत जाऊन पोहोचते.

या दुखण्यावरील जुन्या औषधांचे तीन वर्ग आहेत. मेटोप्रोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर हृदयाची गती व श्रम कमी करतात. अ‍ॅम्लोडिपिनसारखे कॅल्शियम-रोधक रक्तवाहिन्या सैल करतात. नायट्रेट वर्गातील आयसोसॉर्बाइडची गोळी जिभेखाली ठेवल्यास काही मिनिटांत कळ शमते. स्टॉकहोममध्ये ८०९ रुग्णांवर मेटोप्रोलॉल आणि कॅल्शियम-रोधक व्हेरापामिल यांची तुलना झाली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यू वा हृदयविकाराच्या घटना यांत लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे आलेल्या इव्हाब्राडीनची परीक्षा १९,१०२ रुग्णांवर झाली. २०१४ च्या निष्कर्षांत हृदयविकाराने येणारा मृत्यू वा झटका टळल्याचे दिसले नाही. उलट ज्यांच्या हालचालींवर अंजायनाने मर्यादा आणली होती, त्यांच्यात धोका काहीसा वाढला. जुनी औषधे मानवत नाहीत वा पुरत नाहीत अशांसाठी नवी औषधे उपयोगी पडतात. पण नवे आणि महाग म्हणजे सरस, या समजुतीला आधार नाही.

निवड ठरते ती रुग्णावरून. दमेकऱ्याला बीटा-ब्लॉकर बाधू शकतो. मंद नाडीच्या रुग्णाला तो देताना विचार करावा लागतो. ४५ अंशांच्या उन्हात राबून शरीरातील पाणी आटलेल्या मजुराला नायट्रेटने भोवळ येऊ शकते. अ‍ॅस्पिरिन व स्टॅटिन कळ थांबवीत नाहीत, पण झटक्याचा धोका कमी करतात. हा विवेक डॉक्टरने करावयाचा आहे. औषध कंपनीच्या प्रतिनिधीने नव्हे.

यांतील एक गोष्ट श्रमिकांच्या दृष्टीने निर्णायक आहे. बीटा-ब्लॉकर एकाएकी बंद केल्यास कळ अधिक जोराने उलटते, प्रसंगी झटकाही येतो. म्हणजे हंगाम सरून मजुरी थांबली आणि गोळीही थांबली, तर ती निव्वळ गैरसोय राहत नाही. तो जिवाला धोका ठरतो. उत्तम औषध कोणते, याचे पहिले उत्तर म्हणूनच असे द्यावे लागते: रुग्णाला मानवणारे आणि दरमहा न चुकता मिळणारे.

शासनाचा पैसा कोठे वळतो? राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. पुढे ती महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना झाली. तिच्यामुळे अनेक गरिबांना मोठे उपचार मिळाले, हे मान्यच केले पाहिजे. पण तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. केवळ गोळ्यांवर जगणाऱ्याचा महिन्याचा खर्च तिच्या चौकटीत बसत नाही. भारतासह ३७ देशांतील ५,१७९ स्थिर रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने २०२० मध्ये दाखविले, की औषधांना आरंभीच अँजिओप्लास्टी वा बायपासची जोड दिल्याने मृत्यू वा झटके लक्षणीयरीत्या घटले नाहीत. वारंवार कळ येणाऱ्यांना अधिक आराम मात्र पडला. ताजा झटका आलेल्यांना व डाव्या मुख्य धमनीत अडथळा असलेल्यांना हा निष्कर्ष लागू नाही. इतरांच्या बाबतीत गोळ्या हा गरिबांसाठीचा दुय्यम उपचार नसून उपचाराचा पाया आहे.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले, हे खरे. पण केसपेपर फुकट मिळाला आणि फडताळात गोळी नसली, तर रुग्णाच्या पदरी काय पडले? चोपडा, यावल, शिरपूर, साक्री येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत या तीन वर्गांतील औषधांचा साठा किती आणि तो किती दिवस पुरतो, हे दरमहा फलकावर लागले पाहिजे. धुळ्याच्या आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी या औषधांची तुलना सोप्या मराठीत प्रसिद्ध करावी. कार्यकर्त्यांनी ही मागणी ग्रामसभेत मांडावी व फलकाची नोंद स्वतः ठेवावी. ज्याच्या श्रमावर बाजार चालतो, त्याच्या हृदयाचा हिशेब जाहीरपणेच मांडला गेला पाहिजे.